आत्याला या आठवड्यातच दाखव

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

आत्याच्या स्तनातल्या गाठीचं सांगितल्यावर तू काल म्हणालास, "दुखत नाही ना तिला, मग दिवाळीनंतर बघू." घरात पाहुणे होते, नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहितेय.

अरे, दुखत नाही म्हणूनच थांबायचं नाही. स्तनाच्या कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. पाळीच्या आधी छाती जड होते, ठणकते, ते वेगळं. पाळी आली की उतरतं. आत्याची पाळी जाऊन काही वर्षं झाली. त्या वयात नवी गाठ हाताला लागली की दाखवायचीच. स्तनाग्र आत ओढलेलं, त्यातून रक्तासारखा स्राव, कातडीला खळी किंवा काखेत गाठ, यांतलं काही आहे का तेही डॉक्टरांना सांगू दे तिला. पुष्कळ गाठी साध्याच निघतात, पण घरी चाचपून ते ठरत नाही.

डॉक्टर आधी हाताने तपासतील, मग मॅमोग्राफी म्हणजे स्तनाचा एक्स-रे, लागली तर सोनोग्राफी, आणि शंका उरली तर बायोप्सी, म्हणजे सुईने गाठीचा लहानसा तुकडा काढून तपासणं. सुई लावली की कॅन्सर पसरतो असं शेजारणीने तिच्या डोक्यात भरवलंय. ते खरं नाही, तूच तिला समजाव. गाठ लहान असताना सापडली, तर बरेचदा सगळा स्तन काढावा लागत नाही, हेही सांग. तिची खरी भीती तीच आहे.

हाताच्या तपासणीला कमी लेखू नकोस. टाटा हॉस्पिटलने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांमधल्या दीड लाखांहून जास्त बायकांचा अभ्यास केला. त्यातल्या निम्म्या बायकांना शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने तपासत. २०२१ साली निष्कर्ष छापून आले: त्या बायकांमध्ये रोग आधीच्या टप्प्यावर सापडला, आणि पन्नाशीपुढच्यांमध्ये या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. साध्या हातांनी केलेलं हे काम मला फार मोठं वाटतं.

हे तुला लिहिण्याचं कारण, ती बाबांसमोर संकोचते, तुझ्याशी मोकळेपणाने बोलते. शिवाय तुझी आजी याच आजाराने गेली. या कर्करोगाचा धोका वाढवणारा, बीआरसीएसारख्या जनुकातला दोष वडिलांकडूनही मुलामुलींकडे येतो, म्हणजे हा प्रश्न तुझा आणि ताईचाही आहे. डॉक्टरांना आजीचं जरूर सांग. निदान झालं तेव्हा तिचं वय ४४ होतं, ते कागदावर लिहून ने.

सोमवारची रजा टाक. आत्याचे जुने रिपोर्ट तिच्या कपाटात खालच्या कप्प्यात आहेत. पैशांचं मी आणि बाबा बघतो.

तुझी,
आई