पीएसएचा आकडा हातात दिला, पुढे काय?

संपादक साहेब,

आमच्या भागातल्या हेल्थ कॅम्पात पुरुषांची पीएसए टेस्ट (मूत्राशयाखालच्या प्रोस्टेट ग्रंथीसाठीची रक्ततपासणी) फुकट केली, ठीकच आहे. पण माझ्या मोठ्या भावाचा रिपोर्ट आला 6.2, तोही व्हॉट्सअ‍ॅपवर लाल अक्षरात, आणि समजावून सांगायला कोणीच नाही. घरात कॅन्सर कॅन्सर सुरू, वहिनीनं तर जेवणच सोडलं.

मग धंतोलीतल्या युरोलॉजिस्टनं नीट सांगितलं, की पीएसए 4 ते 10 असलेल्या चौघांपैकी साधारण एकालाच बायोप्सीत (सुईनं तुकडा काढून तपासण्यात) कॅन्सर निघतो, नुसतं प्रोस्टेट वाढलं किंवा लघवीचं इन्फेक्शन झालं तरी आकडा चढतो, आणि प्रोस्टेट वाढल्यावर देतात ती फिनास्टेराइडची गोळी चालू असली तर उलट निम्म्यावर येतो (हे कॅम्पात कोणी विचारलंच नव्हतं). काही आठवड्यांनी परत टेस्ट केली, तीही वाढलेलीच, मग एमआरआय, त्यात पाय-रॅड्स (कॅन्सरची शंका किती, याचा 1 ते 5 मधला आकडा) 3, म्हणजे ना धड हो ना धड नाही!

नातेवाईक म्हणतात बायोप्सी करून टाका एकदाची, पण त्यातही इन्फेक्शनचा, रक्त जायचा धोका असतोच ना बाप्पा. आणि कमी धोक्याचा कॅन्सर निघाला तर बऱ्याचदा लगेच ऑपरेशन न करता नुसती नजर ठेवतात, हे कळल्यावर भाऊ जरा जेवायला लागला, झोप मात्र अजून नाही.

अमेरिकेतल्या 2018 च्या शिफारशीत 55 ते 69 वयाच्यांनी डॉक्टरशी बोलून ठरवावं आणि सत्तरीनंतर ही तपासणी सरसकट करू नये असं आहे. इथे तर ऐंशीचे आजोबाही लाईनीत उभे होते. कॅम्पवाल्यांनी रक्त घेण्याआधी दोन मिनिटं बोलणारा डॉक्टर तरी बसवावा.

एक वाचक, नागपूर