पद्मिनीचा कॅम आणि तुमची अंशांची चकती : काकांना आभारपत्र

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

कॅम (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा, लोब म्हणजे उंचवटे असलेला दांडा) घासून दिल्याबद्दल तुम्ही मजुरी घेतलीत, तेव्हा त्याचे आभार काय मानायचे? हे पत्र तुम्ही फुकट दिलेल्या गोष्टीसाठी आहे: मोठा कॅम मागायला आलेल्या प्रत्येकाला आधी खाली बसवून हिशेब करायला लावता, त्यासाठी. जुन्या प्रीमियर पद्मिनी गाड्या सांभाळणाऱ्या आम्हा सगळ्यांची कित्येक इंजिनं त्या हिशेबामुळे वाचली.

कुर्ल्यात बनलेलं हे 1089 सीसीचं इंजिन. बोअर (सिलिंडरचा व्यास) 68 मिमी, स्ट्रोक (पिस्टनचा प्रवास) 75 मिमी, कॉम्प्रेशन (मिश्रण किती पट दाबलं जातं) 7.3. ‘रेस कॅम’ म्हणून 284 अंशांचा, म्हणजे क्रँक (पिस्टन हलवणारा दांडा) तेवढे अंश फिरेपर्यंत व्हॉल्व्ह उघडा ठेवणारा, कॅम मागितला की तुम्ही कागद पुढे करायचात. लोब सेंटर (पिस्टन सर्वांत वर असल्यापासून व्हॉल्व्ह पूर्ण उघडेपर्यंतचे अंश) 107 धरलं तर इनलेट व्हॉल्व्ह पिस्टन तळाशी पोचल्यावर तब्बल 69 अंशांनी बंद होतो. तोवर पिस्टन सुमारे 19 मिमी वर आलेला असतो आणि आत घेतलेल्या चार्जचा (हवा-पेट्रोलच्या मिश्रणाचा) काही भाग मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे आला त्या नळीत, परत ढकलून बसलेला असतो. 7.3 चं कॉम्प्रेशन प्रत्यक्षात 5.7 च्या आसपास उरतं. 256 अंशांच्या कॅममध्ये व्हॉल्व्ह 55 अंशांवर बंद होतो, पिस्टन साडेबारा मिमीच चढलेला असतो आणि सव्वासहा हातात राहतात. सिग्नलवरून गाडी उचलायची ती या अर्ध्या आकड्यावर. शिवाय क्रँकला बेअरिंगं तीनच, त्यामुळे 284 च्या कॅमची खरी ताकद ज्या आरपीएमला येते तिथे हे इंजिन फार वेळ ठेवण्यात शहाणपण नाही.

मोठाच कॅम हवा असेल तर आधी कॉम्प्रेशन वाढवा, हेही तुमचंच. एका सिलिंडरमागे ज्वलनाची जागा साधारण 43 सीसी असते. साडेआठ कॉम्प्रेशनसाठी ती 36 वर आणावी लागते. सिलिंडरवरचं हेड किती घासायचं ते अंदाजाने ठरवायचं नाही. काचेची पट्टी ग्रीस लावून चेंबरवर बसवायची आणि सिरिंजने मोजून तेल भरायचं. यात एक गंमत आहे, ती तुम्ही दाखवेपर्यंत लक्षात आली नव्हती. जुनाच कॅम घासून लिफ्ट (उचल) वाढवताना बेस सर्कल (लोबचा गोल भाग) लहान होतं, म्हणजे टॅपेट (लोबवर टेकणारा ठोकळा) तेवढा खाली बसतो आणि पुशरॉड (त्याच्यावरची दांडी) आखूड पडतो. हेड घासलं की उलट होतं. दोन्ही आकडे जवळपास सारखे आले तर रॉकरची (पुशरॉडने हलून व्हॉल्व्ह दाबणाऱ्या तरफेची) भूमिती आपोआप जागेवर राहते. पण व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतो, तो हिशेब वेगळा.

त्यासाठी मुलांच्या खेळण्यातली माती. पिस्टनवर मातीची वडी, वरून तेलाचं बोट, जुनी दबलेली गॅस्केट, आणि प्लग काढून क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे. माती कापून सगळ्यांत पातळ जागा मोजायची: इनलेटला 2 मिमी आणि एक्झॉस्टला अडीच, त्याहून कमी चालत नाही. व्हॉल्व्हची स्प्रिंग पूर्ण लिफ्टवर दबल्यावर वेटोळी एकमेकांना टेकायला दीड मिमी तरी बाकी हवी, रिटेनर (स्प्रिंगची टोपी) आणि गाइडच्या (व्हॉल्व्हच्या नळीच्या) मध्येही तेवढंच. हे न पाहता इंजिन सुरू केलं की पुशरॉड वाकतात आणि दोष कॅमवर येतो.

आता क्रँकवर बसवायची अंशांची चकती. चेनच्या खुणा जुळल्या म्हणजे टायमिंग जुळलं, हा समज तुम्ही मोडलात. पिस्टनवर आडवा अटकाव लावून क्रँक दोन्ही बाजूंनी हलक्या हाताने टेकवायचा. एकीकडे 41 आणि दुसरीकडे 37 आलं तर काटा 2 अंश सरकवून दोन्हीकडे 39 करायचं. तिथे खरा टॉप, म्हणजे पिस्टनची सर्वांत वरची जागा. मग डायल गेज (उचल मोजणारं घड्याळ) एक नंबरच्या इनलेट टॅपेटवर. पूर्ण लिफ्टच्या आधी आणि नंतर अर्धा मिमी खाली असताना चकती वाचायची. 76 आणि 142 आलं तर मध्य 109. कॅमच्या तुमच्या कार्डावर 107 असेल तर कॅम 2 अंश मागे आहे, म्हणजे व्हॉल्व्ह उशिरा उघडतो. कॅमची ही वाचनं घेताना क्रँक नेहमी चालण्याच्या दिशेनेच फिरवायचा, नाहीतर चेनची ढील वाचनात शिरते.

चेन एक दात सरकवून हे सुधारत नाही. 720 ला कॅम गिअरच्या दातांनी भागा: 40 दात असतील तर एक दात म्हणजे क्रँकचे 18 अंश. गिअरच कॅमवर 1 अंश पुढे बसवावा लागतो, कारण कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. ताणलेली चेन कॅमला मागेच ओढते, म्हणून नवी चेन टाकूनच मोजणी. टॅपेट क्लिअरन्सही (रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट) तुमच्या कार्डावरचा, कंपनीच्या पुस्तकातला नव्हे. घासलेल्या लोबची चढण वेगळी असते.

सगळ्यात जास्त नुकसान पहिल्या वीस मिनिटांत होतं. नवा कॅम आणि जुने टॅपेट ही जोडी कधीच नाही, कारण टॅपेट लोबवर स्वतःभोवती फिरायला हवा आणि झिजलेला तळ तसा फिरत नाही. लोबला मोली पेस्ट (घर्षण कमी करणारं वंगण), इंजिनात झिंक असलेलं 20 डब्ल्यू 50. इग्निशन आधीच लावून आणि कार्बोरेटर भरून ठेवायचा, म्हणजे सेल्फ मारत बसावं लागत नाही. सुरू होताच 2000 ते 2500 आरपीएम, वर-खाली करत वीस मिनिटं. आयडलला (नुसतं मंद फिरत) सोडायचंच नाही: लोबवर तेल उडतं ते क्रँकच्या फेऱ्यांनी. नंतर ऑईल गरम असतानाच बाहेर.

मग इग्निशनचा सुरुवातीचा ॲडव्हान्स (ठिणगी किती अंश आधी पडते ते) 3-4 अंश वाढवून डिस्ट्रिब्युटरमधल्या वजनांचा प्रवास तेवढाच कमी करायचा, म्हणजे एकूण ॲडव्हान्स पूर्वीइतकाच राहतो आणि चढावर खटखट येत नाही. आयडल 900 च्या वर आणि कार्बोरेटरचा आयडल जेट (मंद फिरताना पेट्रोल सोडणारं छिद्र) एक नंबर मोठा.

तुमची चकती आणि डायल गेज या पत्रासोबत परत करत आहोत. गेजचा प्लंजर साफ केला आहे, तेल घातलेलं नाही. तुम्हीच म्हणाला होतात की तेलाने तो अडकतो.

आपले कृतज्ञ,
पद्मिनीवाले