हात दुबळा होता म्हणून खुंट्या पिळल्या

चि. सानिका,

अनेक आशीर्वाद.

एफचा बार कॉर्ड (एक बोट सगळ्या तारांवर आडवं दाबायचं तो) बसत नाही म्हणून गिटार खोक्यात घातलीस आणि त्याच दमात विचारलंस, की गायिका जोनी मिचेलची गाणी कानाला इतकी सोपी वाटतात, मग वाजवायला घेतली की सापडत का नाहीत? दोन्हीचं उत्तर एकच आहे, म्हणून जरा लांबण लावते.

तुझं पहिलं बोट दीड-दोन महिन्यांत तयार होईल. तिचं होणार नव्हतं. १९४३ साली कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात, फोर्ट मॅक्लाउडला ती जन्मली. नाव रोबर्टा जोन अँडरसन. पुढं शेजारच्या सॅस्कॅचवान प्रांतात वाढली आणि नवव्या वर्षी पोलिओ झाला. त्यातून उठली, चालायला लागली, पण डावा हात कमजोर राहिला. आधी युकुलेली (चार तारांची छोटी गिटारच म्हण) हातात आली, मग गिटार. लोकगायक पीट सीगरच्या शिकवणीच्या रेकॉर्डवरून ती वाजवायला शिकायला बसली. त्यात उजव्या अंगठ्यानं खर्जाच्या दोन तारा आळीपाळीनं छेडायची एक पद्धत आहे. तीही तिला पूर्ण साधली नाही. अंगठा सगळ्यात जाड, सहाव्या तारेवरच ठाण मांडून बसला. ही खोड तिनं मोडली नाही आणि डाव्या हाताशी भांडलीही नाही. एरिक अँडरसन या गायकानं तिला ओपन ट्यूनिंग, म्हणजे नुसत्या मोकळ्या तारांतूनच कॉर्ड वाजेल अशी जुळणी दाखवली, आणि तिथून तिनं गिटारच हाताच्या मापाची करून घेतली.

आता गिटार बाहेर काढ. मोकळ्या तारा जाडीकडून बारीककडे ई, ए, डी, जी, बी, ई अशा लागलेल्या असतील. पाचवी आणि चौथी तशीच ठेव. सहावी ईवरून डीवर उतरव, तिसरी जीवरून एफ शार्पवर, दुसरी बीवरून एवर, पहिली ईवरून डीवर. झालं डी, ए, डी, एफ शार्प, ए, डी. आपल्या भाषेत सा प सा ग प सा. काही न दाबता हात फिरव, पूर्ण मेजर कॉर्ड वाजेल. पाचव्या फ्रेटवर (मानेवरच्या आडव्या पट्टीवर) एक बोट आडवं टाकलंस की चौथा, म्हणजे मवरचा कॉर्ड, सातव्यावर पाचवा, पवरचा. एवढ्यावर निम्मी लोकगीतं निघतात. जोनीनं मात्र आडव्या बोटावर समाधान मानलं नाही. दोन-तीन बोटांचा एखादा साधा आकार घ्यायचा, तो मानेवर वरखाली सरकवायचा आणि बाकीच्या तारा मोकळ्या वाजू द्यायच्या, म्हणजे त्या मोकळ्या तारांचं नातं प्रत्येक फ्रेटवर बदलतं. तुला जे सापडत नाही ते हेच. स्टँडर्ड ट्यूनिंगमध्ये त्या कॉर्डना पाच बोटं लागतील आणि आपल्याला चारच आहेत.

तारा उतरवताना एक चूक सगळेच करतात. हवा तो स्वर आला की खुंटी सोडून देतात. तार वरून खाली आणली की खुंटीवर आणि वरच्या खाचेत ढील उरते, आणि दुसऱ्या मिनिटाला ती आणखी उतरते. म्हणून स्वराच्या थोडं खाली जायचं, तार बोटानं हलकेच ओढायची आणि मग चढवत स्वरावर यायचं. एक तार उतरवली की मानेवरचा ताण कमी होतो आणि बाकीच्या किंचित चढतात. त्यामुळे सहाही तारांवरून दोन फेऱ्या कराव्याच लागतात. तीन केल्यास तर उत्तम.

तिचं टॅक्सीवालं गाणं तुला हवंय, ते ओपन ईमध्ये आहे. तिथं पाचवी आणि चौथी तार पूर्ण स्वरानं आणि तिसरी अर्ध्या स्वरानं चढवावी लागते. जुन्या तारा असतील तर एखादी तुटतेच, आणि हलक्या बांधणीच्या गिटारीच्या पोटावर ताण येतो तो वेगळा. तू ते करू नकोस. वर सांगितलेलं डी लाव आणि दुसऱ्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा. स्वर तेच, आकार तेच. कॅपो मात्र फ्रेटच्या अगदी पाठीशी, सरळ लाव. तिरका बसला की जाड तारा चढ्या बोलतात आणि दोष बिचाऱ्या ट्यूनरला मिळतो.

उलट बाजूनं खाली सी, जी, सी, ई, जी, सीपर्यंत जायचं असेल (‘हेजिरा’ अल्बममधलं एमीलियावरचं गाणं त्यात आहे) तर सहावी तार दोन पूर्ण स्वर उतरते. बारा नंबरच्या संचात (नंबर म्हणजे तारेची जाडी, इंचाच्या हजारांशात; संचाला पहिल्या तारेचा) ती दोरीसारखी लोंबते आणि फ्रेटवर खडखडते. तेराचा संच लाव, खर्जाला छप्पन्नची तार. ताण बराचसा भरून निघेल, खडखड थांबेल. तरीही तार जोरानं ओढलीस तर क्षणभर चढी बोलणारच. तिथं हात हलका हवा.

तिची लिहून ठेवायची पद्धतही शिकून घे. आधी सहाव्या तारेचा स्वर, मग पाच आकडे: ही तार कितव्या फ्रेटवर दाबली की पुढची मोकळी तार मिळते. स्टँडर्ड म्हणजे ई ५५५४५. तू आत्ता लावलंस ते डी ७५४३५. ओपन ई म्हणजे ई ७५४३५, आणि एमीलियाचं सी ७५४३५. आकडे तेच, म्हणजे बोटं तीच, फक्त पट्टी बदलली. ओपन जी मात्र डी ५७५४३, तिथं आकार नवे. आणि तिच्या ‘कायोटी’ या गाण्यासाठी सी ७७३७४, म्हणजे सी, जी, डी, एफ, सी, ई. सा प रे म सा ग. हे एकदा लावून नुसतं छेड. धड खुशीचं नाही, धड उदास नाही. कुठंतरी वाटेत थांबल्यासारखं. अशी पन्नासहून जास्त ट्यूनिंग तिनं वापरली. एकेका ट्यूनिंगमधून तिला नवी गाणी सुचत गेली, हे लक्षात आलं की तिची चाल अशी का वळते ते कळतं.

आता तिच्या आयुष्याबद्दल. चित्रकार व्हायचं म्हणून कॅलगरीच्या कला महाविद्यालयात गेली, तिथल्या कॉफीहाउसमध्ये गाऊ लागली, वर्षभरात कॉलेज सोडून १९६४ साली टोरांटोला पोचली. संगीतकारांच्या संघटनेची फी भरायला पैसे नव्हते, म्हणून दुकानात नोकरी. १९६५ मध्ये मुलगी झाली. एकटीनं वाढवणं शक्य नव्हतं, दत्तक द्यावी लागली. दोघींची भेट १९९७ साली झाली. यावर मी जास्त लिहीत नाही, तिनं स्वतः एका गाण्यात सांगितलंय. मुलगी झाली त्याच वर्षी, १९६५ मध्ये, चक मिचेलशी लग्न करून डेट्रॉइटला गेली, दोन वर्षांत ते मोडलं. आडनाव राहिलं.

तुझ्या कामाची गोष्ट पुढं आहे. स्वतःची एकही रेकॉर्ड नसताना तिची गाणी दुसरे गात होते: टॉम रश, बफी सेंट-मरी, जूडी कॉलिन्स. ढगांकडे दोन्ही बाजूंनी पाहणारं तिचं गाणं जूडी कॉलिन्सनं १९६७ च्या अल्बममध्ये घेतलं आणि पुढच्या वर्षी ते अमेरिकेत पहिल्या दहांत गेलं. गाणाऱ्याचा पैसा वेगळा आणि गाणं रचणाऱ्याचा वेगळा, हे नीट समजून घे. १९०९ पासून १९७७ पर्यंत अमेरिकेत रेकॉर्डच्या प्रत्येक प्रतीमागे एका गाण्याला कायद्यानं ठरलेला दर होता २ सेंट. नेहमीची रीत अशी, की त्यातला निम्मा प्रकाशकाचा. दहा लाख प्रती खपल्या तर २०,००० डॉलर, त्यातले १०,००० दुसऱ्याच्या खिशात. जोनीनं सुरुवातीलाच सिक्वॉम्ब नावाची स्वतःची प्रकाशन कंपनी काढली, म्हणजे दोन्ही निम्मे तिचेच. पुढं तिनं खपाची पर्वा न करता जे काही केलं, त्याचा पाया मला तरी हाच वाटतो. तुझ्यापुढं कुणी करारपत्र ठेवलं तर रेकॉर्डिंगचा हक्क आणि रचनेचा हक्क अशी दोन वेगळी कलमं आधी शोध. दोन्ही एकाच वाक्यात गुंडाळली असतील तर सही करू नकोस.

१९६७ मध्ये फ्लोरिडातल्या एका क्लबात गायक डेव्हिड क्रॉस्बीनं तिला ऐकलं आणि १९६८ चा पहिला अल्बम त्यानंच केला. त्यानं नवीन वाद्यं फारशी चढवू दिली नाहीत, हे चांगलं. पण एक शक्कल लढवली: तिला उघड्या ग्रँड पियानोत तोंड करून गायला लावलं, म्हणजे पियानोच्या तारा तरफांसारख्या आपोआप गुणगुणतील. कल्पना सुरेख. पण तो गुंजारव बारीक, तो पकडायचा तर माइकची पातळी वाढवावी लागते, आणि तिच्याबरोबर टेपची सुरसुरही वाढते. सुरसुर काढायला वरचे स्वर छाटले, त्याबरोबर आवाजाची धार गेली. तो अल्बम काचेआडून ऐकल्यासारखा वाटतो तो यामुळे. घरी रेकॉर्ड करशील तेव्हा एवढंच पाळ: माइक जवळ, खोली शांत, आणि घुमारा हवा असेल तर नंतर घाल. घेतलेला घुमारा काढता येत नाही.

१९७१ चा ‘ब्लू’ ऐकलास की फरक कळेल. त्यातल्या चार गाण्यांत तिच्या हातात गिटार नाही, डल्सिमर आहे: मांडीवर आडवं ठेवायचं, थोड्या तारांचं, फ्रेट फक्त सप्तकाच्या स्वरांचे. ती तारांवर हातानं थाप मारत वाजवते, त्यामुळे ठेका त्यातूनच निघतो. आवाज, मोजकी वाद्यं, मधे हवा.

मग रॉक कुठून आलं? १९७० मध्ये वुडस्टॉकच्या संगीत महोत्सवावरचं तिचं गाणं दोन रूपांत आलं. तिचं स्वतःचं इलेक्ट्रिक पियानोवर, संथ, जवळजवळ शोकगीत. क्रॉस्बी, स्टिल्स, नॅश अँड यंग यांचं ड्रम आणि इलेक्ट्रिक गिटारीवर दणदणीत. गंमत म्हणजे ती त्या महोत्सवाला गेलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी टीव्हीचा कार्यक्रम चुकेल म्हणून न्यूयॉर्कला हॉटेलात थांबली होती. स्वतः बँड घ्यायचा म्हटलं तर रॉकच्या वादकांना तिचे कॉर्ड पकडता येईनात. बेसवाला खालून मूळ स्वर ठोकतो, आणि हिचा कॉर्ड कुठल्या मूळ स्वराचा हेच ठरलेलं नसतं; ठोकला की गाण्याचा अधांतरीपणा संपतो. शेवटी एका ड्रमरनंच जॅझवाले घे म्हणून सुचवलं. टॉम स्कॉटच्या एल. ए. एक्स्प्रेस या जॅझ बँडबरोबर केलेला ‘कोर्ट अँड स्पार्क’ १९७४ मध्ये अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेला. १९७६ च्या ‘हेजिरा’वर जाको पास्टोरियस फ्रेट नसलेला बेस वाजवतो, तोही खाली पाया घालत न बसता वर तिच्या आवाजाशेजारी गातो. हेडफोन लावून फक्त तो बेस ऐक. नंतर १९७९ मध्ये जॅझचा बेसवादक आणि रचनाकार चार्ल्स मिंगसबरोबरचा अल्बम, ऐंशीच्या दशकात सिंथेसायझर. श्रोते गळत गेले. सिंथेसायझरवाले अल्बम मलाही फारसे रुचत नाहीत.

स्टेजवर मात्र ट्यूनिंगनं तिचा छळ केला. दर गाण्याला खुंट्या पिळायच्या, गरम दिव्यांखाली तारा सरकायच्या. नव्वदच्या दशकाच्या मध्याला रोलंडचं व्हीजी-८ हे यंत्र आलं तेव्हा सुटका झाली: गिटार एकाच ट्यूनिंगमध्ये राहते, सहा तारांचे सहा वेगळे संकेत यंत्रात जातात आणि बटण दाबलं की बाहेर येताना स्वर बदलतात. तुला यंत्राची गरज नाही. कार्यक्रमाची यादी करताना एका ट्यूनिंगची गाणी सलग लाव, पट्टी कॅपोनं बदल, खुंट्यांना एका कार्यक्रमात दोनदाच हात लाव.

मार्च २०१५ मध्ये तिच्या मेंदूतली फुगलेली रक्तवाहिनी फुटली. चालणं-बोलणं पुन्हा शिकावं लागलं, गिटारही. जुलै २०२२ मध्ये न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, ती खुर्चीत बसून गायली आणि इलेक्ट्रिक गिटारीवर एक अख्खी धून वाजवली. बोटं कुठं ठेवायची हे ती स्वतःचेच जुने व्हिडिओ बघून शिकली होती. ही ट्यूनिंग विसरायला आजार लागतच नाही म्हणा; त्याआधीही तिचा सहकारी जोएल बर्नस्टीन तिच्या ट्यूनिंगची टिपणं ठेवायचा आणि तिला तिचीच जुनी गाणी परत दाखवायचा.

म्हणून एक वही कर. पानाच्या वर गाण्याचं नाव, खाली खर्जाचा स्वर आणि पाच आकडे, कॅपो कितव्या फ्रेटवर, तारांचा नंबर, आणि पहिला आकार कुठं धरलास त्याचं चौकटीत चित्र. आज लावलेलं डी ७५४३५ पहिल्या पानावर लिही. नवं काही सापडलं की खुंट्या परत पिळायच्या आधी लिही.

तुझी,
आई