वसईच्या मनोऱ्यातून

ती. आई-बाबा,
सा. न.

रविवारी वसईच्या किल्ल्यात जाऊन आले. बाबा, तुम्ही फोनवर "आपली घंटा तिकडचीच गं" म्हणालात, तेव्हापासून चैन पडत नव्हतं. वाईजवळच्या आपल्या मेणवलीच्या नदीघाटावर तुम्ही मला उचलून घ्यायचात आणि घंटेवरच्या त्या बाईवर माझं बोट फिरवायचात. बाळ घेतलेली मरियम, आणि १७०७ हा आकडा. आई जाता-येता तिलाही हात जोडायची.

इथे तटाच्या आत अख्खं शहर होतं. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादुरशहाकडून वसई पोर्तुगीजांकडे गेली. मग फ्रान्सिस्कन, जेझुइट, डॉमिनिकन, या ख्रिस्ती धर्मसंघांनी आपापली चर्चं आणि मठ उभारले. लाकडाची आणि कौलांची छपरं केव्हाच गेली, घडीव दगडाच्या कमानी तेवढ्या उभ्या आहेत. जेझुइटांच्या चर्चच्या दाराशी मी बराच वेळ थांबले. वसईतच जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया १५९७ मध्ये जपानात नागासाकीला क्रुसावर गेले. त्यांचा सण इथली माणसं अजून मनापासून करतात.

फ्रान्सिस्कनांच्या चर्चमध्ये तर जमिनीवर थडग्यांच्याच शिळा. आई, मी चपला काढल्या. कोरलेली अक्षरं तळव्यांना लागत होती. कुणाच्या तरी आई-बापांची नावं ती, पाय टाकवेना.

मग सेंट जोसेफ. १५४६ चं हे मुख्य चर्च १६०१ मध्ये पुन्हा बांधलं, तसा लेखच दारावर आहे. त्याचा मनोरा अजून धड आहे. आतला गोल जिना इतका अरुंद की दोन्ही खांदे भिंतींना घासतात. अंधारात चाचपडत वर गेले आणि एकदम खाडीचा वारा तोंडावर आला. घंटांच्या कमानी रिकाम्या होत्या. खाली बंदरात होड्या लागलेल्या.

१७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई घेतली. दोन्हीकडची किती माणसं त्या तटाखाली गेली! इथल्या घंटा मग सह्याद्रीपलीकडे आल्या: एक नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात, एक भीमाशंकरला, एक आपल्याकडे. इतका धातू हाती असताना ती घंटा कुणी वितळवली नाही, मरियमवर छिन्नीही चालवली नाही, देवाच्या दारी टांगली. बाबा, मला त्या विजयातलं हेच सगळ्यात मोठं वाटतं.

ती घंटा याच मनोऱ्यातली असावी, असं मन म्हणतंय. म्हणून एका कमानीची रुंदी ओढणीने मापून गाठ मारून आणली आहे. तुम्ही सुतळीने घंटेच्या तोंडाचं माप घेऊन ठेवा, पण घाटाच्या पायऱ्या उतरताना आईचा हात धरा. दिवाळीत आले की दोन्ही मापं शेजारी ठेवून बघू.

तुमची,
लेक