अविवाहित बहीण आणि सातबारा

संपादक महोदय,

शेतकरी मुलांना मुली मिळत नाहीत, या बातम्यांचा शेवट बहुधा ‘मुलींच्या अपेक्षा वाढल्या’ इथे होतो. ठरवून लग्न न केलेल्या चाळिशीतल्या बायका गावोगावी आहेत. त्यांना मात्र कुणी कारण विचारत नाही.

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर सर्वेक्षणात स्वतःच्या घरचे काम करणाऱ्या बाईची दिवसाला सरासरी २८९ मिनिटे बिनपगारी घरकामात गेलेली दिसतात, पुरुषाची ८८. कमावत्या मुलीने हा हिशेब आईकडे बघून केव्हाच मांडलेला असतो. हुंडाबंदी कायदा १९६१ चा. तरी ‘तुमच्या मुलीला हवं ते द्या’ म्हणून मागणे चालूच आहे. धाकट्यांची लग्ने उरकेपर्यंत थोरली स्वतःचे मागे ठेवते, मग स्थळे येतात ती बहुतेक बिजवरांची. त्यात भाऊ पुण्या-मुंबईला असला की आई-वडिलांचे आजारपण तीच काढते. सासरी जाऊन हे जमणार नाही, हे तिला ठाऊक असते. ही निवड तिचीच, पण मोकळ्या मनाने केलेली म्हणवत नाही.

खरी गोम वडिलांच्या तेराव्यानंतर कळते. ‘तुला कुठे पोरंबाळं आहेत?’ म्हणत हक्कसोडपत्र पुढे येते. वडिलांनी मृत्युपत्र केले नसेल, तर त्यांच्या स्वकष्टार्जित ३ एकरांत आई, भाऊ आणि बहीण यांचा प्रत्येकी १ एकर. वडिलोपार्जित जमिनीत तर महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासूनच, तोवर लग्न न झालेल्या मुलींना मुलाच्या बरोबरीने सहदायाद, म्हणजे जन्मतः वाटेकरी, केले. देशभराचा कायदा २००५ मध्ये आला. हक्कसोडपत्र नोंदवावे लागते, मुद्रांक नाममात्र. एकदा सही झाली की ते रद्द करून घ्यायला दिवाणी न्यायालयाची पायरी चढावी लागते.

दुसरी खोड म्हणजे वारसांच्या प्रतिज्ञापत्रात तिचे नावच न घालणे. फेरफाराच्या, म्हणजे सातबाऱ्यावरील नावे बदलण्याच्या, नोटिशीवर हरकतीला १५ दिवस असतात आणि ती नोटीस ‘आपली चावडी’ या सरकारी संकेतस्थळावर गाव निवडून घरबसल्या पाहता येते. हरकत लेखी द्यावी, पोच घ्यावी. तोंडी सांगितलेले तलाठी कार्यालयाच्या दाराबाहेर टिकत नाही.

तिच्या स्वतःच्या कमाईचेही तेच. सोसायटीत नॉमिनी लावला म्हणजे काम झाले, असा समज आहे. नॉमिनी हा केवळ सांभाळणारा. हिंदू वारसा कायद्यानुसार मृत्युपत्राविना गेलेल्या अविवाहितेची स्वतःची कमाई आई-वडिलांकडे, ते नसतील तर वडिलांच्या वारसांकडे, म्हणजे बहुधा त्याच भावाकडे जाते. शेवटपर्यंत पाहणाऱ्या मैत्रिणीला काही नाही. मृत्युपत्र साध्या कागदावर चालते, मुद्रांक लागत नाही. मृत्युपत्र करणाऱ्या बाईसमोर सह्या करणारे दोन साक्षीदार हवेत, आणि ज्यांना काही द्यायचे त्यांना साक्षीदार करू नये. नोंदणी ऐच्छिक असली तरी दुय्यम निबंधकाकडे करून ठेवावी. उतारवय असेल तर त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला जोडावा.

सरकारची नजरही फार वेगळी नाही. ‘लाडकी बहीण’ योजना २०२४ मध्ये आली तेव्हा कुटुंबातील केवळ एकच अविवाहित महिला पात्र, अशी अट घातली गेली. आई-वडिलांना सांभाळणाऱ्या दोन अविवाहित बहिणींपैकी दुसरीने १५०० रुपयांसाठी लग्न करावे काय? ही अट काढावी.

– एक वाचक, सांगली