वाळवंटातल्या चाकांवरच्या घरातून आई-बाबांना पत्र

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,
साष्टांग नमस्कार.

मागच्या आठवड्यात फोनवर बाबांनी दोन प्रश्न विचारले आणि आईने एक. स्वतःचे घर विकून ट्रेलरमध्ये राहणाऱ्या माणसांना उद्या आजारपण आले तर ती जातात कुठे, आणि अशा फिरतीला काही रीत असते की मनाला येईल तिथे गाडी उभी करायची, हे बाबांना जाणून घ्यायचे होते. आईचा प्रश्न थोडक्यात होता: वाळवंटात पाणी कुठून आणता? हे प्रश्न काळजीपोटी आलेले आहेत आणि त्यांची उत्तरे फोनवर नीट देता येत नाहीत, म्हणून सविस्तर लिहीत आहे. आम्ही हे जगणे पत्करले ते कशाला कंटाळून नव्हे. ते आम्हा दोघांना मनापासून आवडते आणि ते बऱ्याच शिस्तीने चालते, एवढे तुम्हाला पटावे अशी माझी इच्छा आहे.

सध्या आमचा मुक्काम अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातील क्वार्टझसाइट या गावाबाहेर आहे. गावाची कायमची लोकसंख्या अडीच हजारांच्याही आत आहे, पण थंडी सुरू झाली की उत्तरेकडच्या राज्यांतून आणि कॅनडातून आरव्ही, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या गाड्या, घेऊन माणसे येऊ लागतात आणि वस्ती कितीतरी पटींनी वाढते. त्यांतले बहुतेक निवृत्त आहेत, तुमच्याच वयाचे किंवा त्याहून मोठे. वाळवंट म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर वाळूच्या टेकड्या येत असतील, पण इथली जमीन तशी नाही. बारीक दगड एकमेकांत घट्ट बसून झालेला तो कडक थर आहे, त्यावर ट्रेलर न रुतता उभा राहतो. मात्र या थरावर चाकांचा ओरखडा उमटला तर तो कित्येक वर्षे बुजत नाही, म्हणून आधीच पडलेल्या वाटा सोडून गाडी न्यायची नाही हा इथला पहिला नियम आहे, आणि तो आम्ही कसोशीने पाळतो.

आता बाबांच्या रीतीच्या प्रश्नाकडे वळते. ही जमीन केंद्र सरकारची आहे आणि तिची व्यवस्था ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या खात्याकडे आहे. देशभरात या खात्याच्या ताब्यात सुमारे 24.5 कोटी एकर जमीन आहे आणि तिच्यातील बराचसा भाग पश्चिमेकडच्या कोरड्या राज्यांत आहे. अशा मोकळ्या जमिनीवर बहुतेक ठिकाणी विनाशुल्क राहता येते, पण एका जागी साधारणपणे 14 दिवसच, त्यानंतर तिथून लांब जावे लागते. हिवाळाभर एकाच भागात राहू इच्छिणाऱ्यांसाठी खात्याने 1983 मध्ये दीर्घ मुक्कामाची ठरावीक क्षेत्रे आखून दिली. गावाच्या दक्षिणेला असलेले ला पोसा हे त्यांपैकी एक आहे. 15 सप्टेंबर ते 15 एप्रिल या सात महिन्यांचा परवाना घेतला की तिथे रीतसर राहता येते. तिथे पिण्याच्या पाण्याचा नळ आहे, कचरा टाकण्याची सोय आहे आणि सांडपाण्याच्या टाक्या रिकाम्या करण्याचे ठिकाणही आहे. आमच्या पुढच्या काचेवर परवान्याचा कागद चिकटवलेला आहे, तेव्हा कोणी येऊन उठवेल ही भीती बाबांनी मनातून काढून टाकावी.

आईच्या प्रश्नाचे उत्तर याच नळापासून सुरू होते. आमच्या ट्रेलरच्या पोटात तीन टाक्या आहेत: एक वापरायच्या स्वच्छ पाण्याची, दुसरी भांडी आणि अंघोळीच्या सांडपाण्याची, तिसरी शौचालयाची. स्वच्छ पाण्याची टाकी सुमारे 150 लिटरची आहे. अमेरिकेतील घरांत एक माणूस दिवसाला सरासरी 300 लिटरांहून अधिक पाणी वापरतो असे इथल्या पर्यावरण संस्थेचे आकडे सांगतात. आमची दोघांची पूर्ण टाकी त्याच्या निम्मी आहे आणि ती आठवडाभर पुरवायची असते. ताटे आधी पुसून घ्यायची आणि मग थोड्या पाण्यात विसळायची. अंघोळीला अंग ओले करून नळ बंद करायचा, साबण लावायचा आणि मगच तो पुन्हा उघडायचा. गरम पाणी येईपर्यंत जे गार पाणी वाहते ते बादलीत धरायचे. सांडपाणी जमिनीवर ओतायचे नाही, कारण इतकी माणसे महिनोन्महिने राहत असताना प्रत्येकाने तसे केले तर ही जागा राहण्यालायक उरणार नाही. पिण्याच्या पाण्यात मात्र आम्ही कधीच काटकसर करत नाही. वाळवंटात माणशी दिवसाला निदान चार लिटर पाणी जवळ हवे असा इथल्या राष्ट्रीय उद्यानांचा सल्ला आहे, आणि तेवढे पाणी पिकअप ट्रकमध्ये वेगळ्या डब्यांत कायम भरलेले असते, अगदी बाजारहाटाला निघालो तरी. मी हिशेबनीस आहे, त्यामुळे या मोजमापाचा मला कधी त्रास वाटला नाही. उलट, आपल्याला खरोखर किती लागते हे रोज डोळ्यांसमोर असणे मला फार समाधानाचे वाटते.

वीज छतावरच्या सौर पट्ट्यांतून येते आणि लिथियमच्या बॅटऱ्यांत साठते. माझा संगणक, ह्यांचे ऑनलाइन शिकवणीचे काम, दिवे, पाण्याचा पंप हे सगळे तिच्यावर चालते, तर शेगडी आणि शीतकपाट प्रोपेन गॅसवर. या बॅटऱ्या शून्य अंशांखाली चार्ज करता येत नाहीत आणि वाळवंटातील रात्री कधी कधी तेवढ्या थंड होतात, म्हणून ह्यांनी त्या बाहेरच्या पेटीतून काढून आत पलंगाखाली बसवून घेतल्या. गॅस आणि कार्बन मोनॉक्साइड यांची गळती ओळखणारी यंत्रे आत लावलेली आहेत आणि त्यांची चाचणी ठरल्या दिवशी होते.

हा मुक्काम बारमाही नाही, हेही सांगायला हवे. क्वार्टझसाइट समुद्रसपाटीपासून 300 मीटरांच्याही आत आहे आणि जुलैत इथला पारा जवळजवळ रोजच 40 अंशांच्या पुढे जातो. पत्र्याच्या भिंतींच्या घरात त्या उन्हात राहणे धोक्याचे आहे, म्हणून इथे प्रत्येकजण उंचीचा आधार घेतो. हजार मीटर वर गेले की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते. एप्रिल सरता सरता आम्ही याच राज्यातील फ्लॅगस्टाफच्या बाजूला जातो. ते गाव 2,100 मीटर उंचीवर, पाइनच्या जंगलात आहे, आणि ऐन उन्हाळ्यातही तिथली दुपार सहसा 30 अंशांच्या आत असते. तिथल्या सरकारी जंगलातही 14 दिवसांचीच मर्यादा असल्यामुळे उन्हाळाभर आम्ही थोड्या थोड्या अंतराने जागा बदलत राहतो. बाबा, 1930 मध्ये प्लूटोचा शोध ज्या लॉवेल वेधशाळेत लागला ती याच गावात आहे. आकाश काळोखे राहावे म्हणून दिव्यांवर बंधने घालणाऱ्या या गावाला 2001 मध्ये जगातील पहिले आंतरराष्ट्रीय काळोख्या आकाशाचे शहर म्हणून मान मिळाला. तिथे रात्री खुर्ची टाकून बसले की आकाशगंगेचा पट्टा साध्या डोळ्यांनी दिसतो.

पावसाचेही थोडे लिहिते. जून मध्यापासून सप्टेंबर अखेरपर्यंत ॲरिझोनातही मॉन्सून असतो. आपल्या पावसासारखा तो सलग पडत नाही. एखाद्या दुपारी ढग दाटून येतात, तासाभरात पाणी कोसळते आणि वर्षभर कोरडे असलेले ओढे काही मिनिटांत भरून वाहू लागतात, तेही पाऊस दूरच्या डोंगरावर पडलेला असताना आणि आपल्या डोक्यावर निरभ्र आकाश असताना. म्हणून ओढ्याच्या कोरड्या पात्रात, सावली कितीही सुखाची असो, मुक्काम करायचा नाही. त्याच दिवसांत धुळीची वादळे येतात. रस्त्यावर धुळीची भिंत समोर दिसली तर गाडी रस्त्यावरून पूर्ण बाजूला घ्यावी, सगळे दिवे बंद करावेत आणि ब्रेकवरून पाय काढावा अशी इथल्या वाहतूक खात्याची सूचना आहे. दिवे चालू राहिले तर मागून येणारा चालक त्यांच्या रोखाने येतो आणि धडकतो. हे नियम आम्हा दोघांना तोंडपाठ आहेत.

आमच्या दोघांविषयी आईला नेहमी वाटते की इतक्या लहान जागेत चोवीस तास एकत्र राहून माणसे भांडत असतील. जागा लहान आहे हे खरे, पण त्यामुळे रुसून दुसऱ्या खोलीत जाण्याची सोय नाही आणि बोलून टाकणे भाग पडते. निघण्याच्या दिवशी तर एकमेकांवर पूर्ण भिस्त असते. ट्रेलर ट्रकला जोडण्याचे काम हे करतात आणि खिळ, सुरक्षा साखळ्या, विजेची जोडणी, ब्रेकचे दिवे हे सगळे मी पुन्हा तपासते. आतली कपाटे, गॅसची कळ आणि छतावरची झडप मी बंद करते आणि नंतर हे ती तपासतात. टायर वरून चांगले दिसत असले तरी उन्हाने आतून कमकुवत होतात, म्हणून त्यांवर छापलेला तयार झाल्याचा आठवडा आणि वर्ष पाहून आम्ही ते वेळेआधीच बदलतो. ह्यांनी माझे काम तपासले की मला कमीपणा वाटत नाही आणि त्यांनाही वाटत नाही. लग्नानंतर इतक्या वर्षांनी एकमेकांविषयीचा हा भरवसा आम्हाला या गाडीने दिला, असे मी मनापासून म्हणेन.

आजारपणाचे उत्तर मी मुद्दाम मागे ठेवले होते, कारण ते सर्वांत कठीण आहे. इथले पुष्कळसे आरोग्य विमे एकाच राज्यातील डॉक्टरांपुरते चालतात आणि फिरत्या माणसाची ही खरी अडचण आहे. म्हणूनच हिवाळा आणि उन्हाळा दोन्ही आम्ही एकाच राज्यात काढतो. क्वार्टझसाइटपासून पार्करचे रुग्णालय साधारण पाऊण तासावर आहे आणि मोठ्या उपचारांसाठी फिनिक्स शहर सुमारे दोन तासांवर. जिथे मोबाइल लागत नाही तिथे उपग्रहामार्फत मदत मागण्याचे यंत्र जवळ असते. इथल्या मातीत एका बुरशीमुळे होणारा फुप्फुसाचा व्हॅली फीव्हर नावाचा आजार आहे. तो धुळीतून येतो, माणसाकडून माणसाला होत नाही, आणि वाऱ्याच्या दिवशी आम्ही मास्क लावतो. वार्षिक तपासण्या चुकलेल्या नाहीत. एवढे करूनही मोठे आजारपण आलेच, तर फिनिक्सजवळ भाड्याचे घर घेता येईल इतकी रक्कम आम्ही वेगळी ठेवली आहे आणि तिला हात लावत नाही. घर विकताना आमचे पहिले ठरले ते हेच.

इतके सारे कशासाठी, असे तुम्ही विचाराल. साग्वारो नावाचे निवडुंग इथे आहेत, माणसाच्या कितीतरी पट उंच. त्यांचे रोप बहुधा दुसऱ्या एखाद्या झाडाच्या सावलीत वाढते आणि त्याला पहिला हात फुटायला साधारण 50 ते 75 वर्षे लागतात, कमी पावसाच्या जागी त्याहूनही अधिक. बाबा, तुमच्या वयाच्या साग्वारोला आत्ता कुठे हात फुटत असतो. आणि एक छोटा उंदीर आहे, कांगारूसारखा उड्या मारणारा. तो पाणी न पिता जगू शकतो, खाल्लेल्या बियांतून शरीरातच तयार होणारे पाणी त्याला पुरते. शहरातल्या घरात आमच्या खिडकीतून समोरची भिंत दिसायची. इथे दर सकाळी दार उघडले की मी काहीतरी नवे शिकते.

बाबांना आवडेल असे एक स्मारकही गावात आहे. अमेरिकी सैन्याने वाळवंटात सामान वाहण्यासाठी उंट वापरून पाहण्याचा प्रयोग केला होता आणि 1856 मध्ये त्या उंटांबरोबर भूमध्य समुद्रापलीकडून हाजी अली नावाचा उंटवाला आला. प्रयोग पुढे गुंडाळला गेला, पण तो परत गेला नाही. 1902 मध्ये त्याचे इथेच निधन झाले आणि 1935 मध्ये त्याच्या थडग्यावर दगडांचा पिरॅमिड उभारून वर तांब्याचा उंट बसवण्यात आला. परक्या मुलखातून आलेल्या माणसाने हा प्रदेश आपला मानला आणि त्याची आठवण इथे इतक्या आदराने जपली गेली, हे पाहून मला फार बरे वाटते.

फोनचे लक्षात असू द्या. ॲरिझोनात घड्याळे उन्हाळ्यात पुढे सरकवत नाहीत, त्यामुळे आपल्यातले अंतर वर्षभर साडेबारा तासांचेच राहते. इथे सकाळचे आठ म्हणजे तुमच्याकडे रात्रीचे साडेआठ, तीच वेळ कायम ठेवू.

तुम्ही दोघांनी फेब्रुवारीत यावे अशी आमची फार इच्छा आहे. तेव्हा दुपार 20 ते 25 अंशांची असते, रात्री मात्र गरम कपडे लागतात. फिनिक्सच्या विमानतळावर आम्ही दोघेही घ्यायला येऊ. ट्रेलरमधला पलंग तुमचा, आम्ही बैठकीचे टेबल उतरवून त्यावर गादी टाकतो. दाराशी तीन पायऱ्या आहेत आणि न्हाणीघर अरुंद आहे. आईच्या गुडघ्यांसाठी दोन्ही ठिकाणी दांडा बसवण्याचे काम ह्यांनी हाती घेतले आहे. तरीही तिथे झोपणे जमणार नाही असे वाटले तर स्पष्ट सांगा, गावात खोली घेऊ आणि दिवसभर सोबत राहू. डॉक्टरांना विचारून घ्या, बाबांच्या औषधांची यादी मला पाठवा आणि प्रवासाचा विमा काढण्याआधी एकदा बोलू, म्हणजे कोणता काढायचा ते मी इथून पाहून सांगेन.

ह्यांचा दोघांना नमस्कार.

कळावे,
तुमची लेक