मेन पॉइंट थांबेल, तू आधी व्हिस्कीला चल

अरुगम बे, श्रीलंका
ऑगस्ट

प्रिय सुध्या,

तुझा मेसेज वाचला. ‘सप्टेंबरात येतो आणि डायरेक्ट मेन पॉइंटलाच सर्फिंग शिकतो.’ ये, जरूर ये. पण मेन पॉइंट, म्हणजे इथली सर्फिंगची मुख्य जागा, नवशिक्यासाठी नाही, तेव्हा वाक्याचा तो दुसरा भाग आधी मागे घे. व्हॉट्सॲपवरच्या दोन ओळींनी तू ऐकणाऱ्यातला नाहीस, म्हणून बैठक मारून सविस्तर लिहितोय.

आपण वाढलो रत्नागिरीला, भाट्याच्या पुळणीवर. पावसाळ्यात समुद्र खवळलेला, गढूळ, होड्या वर ओढून ठेवलेल्या. त्यामुळे ‘ऑगस्टमध्ये समुद्रात’ म्हटल्यावर आईने फोनवर जो सूर लावला तो तुला ऐकू आलाच असेल. इथे सगळं उलटं आहे. तोच नैर्ऋत्येचा वारा लंकेच्या मधल्या डोंगरांवर पाऊस टाकून या पूर्व किनाऱ्यावर कोरडा होऊन उतरतो आणि जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. समोरून असा वारा लागला की लाट लवकर कोसळत नाही, तिचा चेहरा उभा आणि गुळगुळीत राहतो. लाटा मात्र इथल्या वाऱ्याच्या नाहीत. पार खाली, दक्षिण महासागरातल्या वादळांत जन्मून हजारो किलोमीटर चालत येतात. म्हणून एप्रिल-मे ते ऑक्टोबर इथला हंगाम. नंतर ईशान्येचा वारा सुरू झाला की सगळी वरात नैर्ऋत्य किनाऱ्यावरच्या वेलिगमा-हिक्कडुवाकडे.

आता मेन पॉइंट. भाट्याला लाट कुठेही फुटते, कारण वाळू रोज जागा बदलते. इथे जमिनीचं टोक समुद्रात घुसलंय आणि खाली खडप पसरलंय. लाटेचं जे टोक उथळात येतं ते मंदावतं, उरलेली लाट खोल पाण्यात वेगात असते, त्यामुळे ती अख्खी टोकाभोवती वळते. मग एका कडेला फुटायला सुरुवात होते आणि फुटत फुटत उपसागराच्या आत सरकते. चांगल्या दिवशी एकाच लाटेवर शेकडो मीटर जाता येतं. लाटा सगळ्या उजव्या, म्हणजे किनाऱ्याकडे तोंड केलं की आपल्या उजवीकडे फुटत जाणाऱ्या. तू स्केटबोर्डवर डावा पाय पुढे ठेवतोस, म्हणजे तुझं तोंड लाटेकडेच राहील. हे तुझं नशीब.

पण लाट फुटते ती पाणी तिच्या उंचीच्या साधारण सव्वापट खोल उरतं तेव्हा. म्हणजे पुरुषभर लाट असेल तर पडल्यावर खाली डोक्यापेक्षा थोडंच जास्त पाणी, आणि त्याखाली धारदार कातळ. आपल्याकडे भरती-ओहोटीत दोन मीटरच्या वर फरक पडतो, इथे मीटरभरही नाही. तेव्हा ‘भरतीला जाऊ, पाणी वाढेल’ हा रत्नागिरीचा हिशेब इथे चालत नाही. परवा एक इंग्रज पोरगा ओहोटीत खडपावर उभा राहिला. टाचेत सी-अर्चिनचे, म्हणजे खडपाला चिकटून राहणाऱ्या काटेरी समुद्री प्राण्याचे, काळे काटे, कातडीखाली तिळासारखे दिसणारे. चहाच्या टपरीवरच्या मामांनी त्याचा पाय मांडीवर घेतला, लिंबू पिळलं आणि सुईने एकेक काटा काढत त्याला तमिळमध्ये यथेच्छ झापलं. त्याला अक्षर कळलं नसेल, पण मान मात्र हलवत होता.

कातळापेक्षा मोठी अडचण माणसांची आहे. सकाळी साडेसहालाच पाण्यात, लाटा फुटतात तिथे, गर्दी होते. नियम एकच: लाट जिथे फुटायला लागते त्या जागेच्या सर्वांत जवळ जो, लाट त्याची. बाकीच्यांनी हात आखडायचे. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून सीट धरायची आपली कला इथे उपयोगाची नाही. दुसऱ्याच्या लाटेत घुसलास तर शिव्या खाशील, आणि बोर्ड त्याच्या डोक्यात बसला तर शिव्यांवर भागणार नाही. खरं सांगू? हा नियम न पाळणारे बहुतेक वेळा नवशिके नसतातच. महागडे बोर्ड घेऊन आलेले, जरा बऱ्यापैकी येणारे पाहुणे असतात. गावातली पोरं त्यामानाने शांत. कुठे बसायचं हे त्यांना टोकावरच्या खुणांवरून ठाऊक असतं. हात फारसे मारावेच लागत नाहीत.

म्हणून तू आधी रिक्षाच्या टपावर बोर्ड बांधून पोतुविलच्या पलीकडे व्हिस्की पॉइंटला चल. तिथेही टोकच आहे, पण लाट मऊ आणि तळाला बरीचशी वाळू. दक्षिणेला पीनट फार्मही शिकायला बरा. तिथे सरळ उभं राहायला आणि वळायला जमलं, की मग मेन पॉइंटला मी स्वतः तुला कडेने आत नेईन.

दुपारी वारा फिरतो, लाटा विस्कटतात, तेव्हा इतर गोष्टींना वेळ आहे. लाहुगलात हत्ती आहेत. ओकंदाचं मुरुगनाचं देऊळ बघच. जाफनाकडून कतरगामाला पायी निघालेले यात्रेकरू तिथूनच कुमनाच्या जंगलात शिरतात, तेही आपल्या वारीच्या सुमाराला. २००४च्या त्सुनामीने हे गाव जवळजवळ पुसलं होतं. आता रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कॅफे आणि बोर्डांची दुकानं आहेत. थोडी जास्तच, माझ्या मते. पण आप्पे नव्हे, इथले आप्पम आणि वर पोल संबोल, म्हणजे ओल्या खोबऱ्याची तिखटजाळ चटणी, खाल्लीस की तक्रार विसरशील. इथल्या मुलींचा स्वतःचा सर्फ क्लब आहे. त्यातल्या काहीजणी साध्या लेगिंग्ज-टीशर्टमध्ये अशा सुसाट जातात की आपण बोर्ड काखेत धरून नुसतं बघावं.

बोर्ड आणू नकोस, भाड्याने मिळतो. पहिल्यांदा मऊ फोमचाच, आठ फुटी घे. पूर्ण बाह्यांचा टीशर्ट, उन्हासाठी झिंकचं मलम आणि रीफवर चालायचे रबरी बूट मात्र आण. आणि हो, काकूंकडचा पातळ पोह्यांचा चिवडा, दोन पाकिटं. कोलंबोपासून इथवर सव्वातीनशे किलोमीटर आहेत, अख्खा दिवस मोडतो. तिकीट काढलंस की विमानाची वेळ कळव, म्हणजे पुढची बस कुठून धरायची ते सांगतो.

तुझा,
बंड्या